यंत्राचा मेंदू आणि देह
अंकांच्या आज्ञेने धातू कापणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ साली चालवून दाखविले, तेव्हा त्याच्या नियंत्रणासाठी निर्वात नलिकांनी भरलेली कपाटे लागली. आज ते काम तळहाताएवढ्या अर्डुइनो फलकावर, ‘ग्रबल’ या मोफत प्रणालीने होते. साहजिकच टेबलावर मावणारे सीएनसी यंत्र स्वतःच बांधावे, असे लहान वर्कशॉपवाल्याला वाटू लागते. हिशेब चुकतो तो येथेच. मेंदू स्वस्त झाला. देह झालेला नाही.

साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. फेऱ्यागणिक ५ मिलिमीटर सरकविणारा स्क्रू तिला जोडला, की एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचे, केसाहूनही बारीक! परंतु स्क्रू आणि नट यांच्यातील ढिलाई, जिला कारागीर ‘प्ले’ म्हणतात, त्याच्या चौपट असली तर ही अचूकता कागदावरच राहते. शिवाय ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांची चौकट पोलादाला कटर टेकताच थरथरू लागते. लाकूड, प्लॅस्टिक, फार तर पितळ तीवर निभावेल; पोलादी कामाला बिडाचा जड पायाच हवा. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांच्या सावलीत वाढलेल्या कारागिराला हे सांगावे लागत नाही. अभियांत्रिकीच्या पदवीधराला मात्र, खेदाने म्हणावे लागते, पुष्कळदा सांगावे लागते.

तरीही आमचा कौल यंत्र बांधण्याच्याच बाजूने आहे. ज्याने ते जोडले त्याला बिघाड कोठे आहे हे उमगते. विकतच्या यंत्रापाशी मेकॅनिकची वाट पाहण्यात आठवडा जातो आणि ऑर्डर हातची जाते. फक्त पहिल्या यंत्रावर स्वतःच्याच दुसऱ्या यंत्राचे भाग कापावेत. गिऱ्हाइकाला तारीख द्यावी ती त्यानंतर.