देवावाचून वाढलेले घर

अंबाजोगाईची योगेश्वरी आणि परळीचे वैजनाथ यांचे दर्शन घेऊन ज्यांना संध्याकाळी घरी परतता येते, त्या केजकरांपुढे नास्तिकतेवर बोलणे हे थोडे धाडसच आहे. परंतु मी देवाविरुद्ध फिर्याद घेऊन आलेलो नाही. देवावाचून माणूस वाढतो कसा, एवढेच पाहायचे आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आज नास्तिक म्हणजे देव न मानणारा. आपल्या जुन्या दर्शनकारांच्या लेखी मात्र तो वेदांचे प्रामाण्य नाकारणारा. म्हणून जैन आणि बौद्ध नास्तिकांच्या पंगतीत बसले, आणि जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे पूर्वमीमांसक आस्तिक ठरले! यज्ञयागाचा एवढा खल करणाऱ्यांना ईश्वराची गरज भासू नये, ही गंमत कीर्तनात सहसा ऐकू येत नाही. चार्वाक तेवढा दोन्ही अर्थांनी नास्तिक.

या विचाराकडे जाणारी एक वाट गोपाळ गणेश आगरकरांची. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, गरीब ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्याला डेक्कन कॉलेजात त्यांनी मिल्ल आणि स्पेन्सर वाचले, आणि जे बुद्धीला पटत नाही ते मानायचे नाही असे ठरविले. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढले. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांना पाहावी लागली. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले. ही वाट तोडण्याची आहे. तीत आप्त दुखावतात आणि आपणही दुखावतो. पण आपण काय सोडले हे अशा माणसाला पक्के ठाऊक असते.

दुसरी वाट कर्व्यांच्या घरातली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांचे पुत्र रघुनाथराव यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि धर्मावर सडेतोड लिहिले. धाकटे दिनकरराव हेही नास्तिक. त्यांच्या पत्नी इरावतीबाई मात्र वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालल्या. विठोबाविषयीचा आपला आदर श्रद्धेतून नव्हे, परंपरेतून आला, असे त्यांचे सांगणे होते. एकाच घरात इतके सूर नांदू शकतात!

अशा घरातल्या मुलाला तोडावे असे काही लागत नाही. येथेच खरी अडचण आहे. बाप म्हणतो म्हणून देव आहे, आणि बाप म्हणतो म्हणून देव नाही, या दोहोंत मला तरी फारसा फरक दिसत नाही. ज्ञानेश्वरी उघडूनही न पाहता तिला हसणारी मुले मी पाहिली आहेत. ती नास्तिक नव्हेत, नुसती आयती. उलट पूजेच्या घरात वाढूनही प्रश्न विचारीत राहिलेला मुलगा मला आगरकरांच्या अधिक जवळचा वाटतो.

कायद्याची अडचण तशी थोडी. सरकारी कागदावर धर्म लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, ‘माझा कोणताही धर्म नाही’ असे म्हणण्याचा नागरिकाला अधिकार आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. घटनेच्या २५व्या अनुच्छेदातील सद्‌सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यावर तो आधारलेला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांच्या धर्माची नोंदच नव्हती. अर्थात हे सगळेच नास्तिक होते, असे समजायचे कारण नाही.

खरी परीक्षा होते ती स्मशानात. माझ्या ओळखीच्या एका घरी बापाने देव्हारा ठेवलाच नव्हता. आजी मात्र भाविक. तिने नातवाला सांगून ठेवले होते, “दहाव्याला पिंडापाशी तू बस रे बाबा.” तो बसला. कावळा शिवेना. भटजी म्हणाले, “काही इच्छा राहिली असेल, बोला.” मुलगा गोंधळला. मग हात न जोडताच म्हणाला, “आजी, तुझ्या गाईकडं मी बघतो.” कावळा त्यानंतर बऱ्याच वेळाने, आपल्या मर्जीने आला. गाय अजून त्या मुलाच्याच गोठ्यात आहे.