पाळण्यापासून पगारापर्यंत

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शनिवारी एक वर्ग भरतो. विद्यार्थी असतात तान्ह्या मुलांचे आईबाप आणि गरोदर बायका. बाळाशी बोलायचं कसं, गोष्ट वाचून कशी दाखवायची, हात न उगारता शिस्त कशी लावायची, हे इथे शिकवतात. नाव आहे 'बेबी कॉलेज'.

जेफ्री कॅनडा यांच्या 'हार्लेम चिल्ड्रन्स झोन' या संस्थेच्या कामाची ही पहिली पायरी. एकेका मुलाला हात देऊन भागत नाही, अख्खी वस्तीच उचलून धरायला हवी, हा त्यांचा आग्रह. 1990च्या दशकात एका ब्लॉकपासून (चार रस्त्यांमधल्या घरांच्या चौकोनापासून) सुरू झालेलं काम पुढे 97 ब्लॉकांवर पसरलं. बालवाडी, 2004 पासून स्वतःची शाळा, मग कॉलेजात आणि नोकरीच्या उंबरठ्यावरही पाठीशी माणसं.

वस्ती उचलायची म्हणजे आरोग्यही आलंच. दम्याचंच बघा. हार्लेम हॉस्पिटलच्या साथीने तपासणी झाली, तेव्हा दहांतल्या जवळपास तीन मुलांना दमा निघाला. मूल रात्रभर धापा टाकत असेल, तर सकाळी शाळेत बसणार कसं? कार्यकर्ते घरोघर गेले. औषधं समजावली, झुरळं आणि धूळ हटवायला मदत केली. हेही शिक्षणाचंच काम!

अर्थात या सगळ्याला पैसा खूप लागतो. तरीही 2010 मध्ये ओबामा सरकारने याच धर्तीवरच्या कामासाठी इतर वस्त्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली.