स्वप्नांचा अभ्यास कशासाठीं?

स्वप्नें म्हटलीं कीं आपल्या मनांत प्रथम शकुनांचा विचार येतो. साप दिसला तर काय, पाणी दिसलें तर काय, याचें उत्तर शोधण्यासाठीं जुनीं पंचांगें चाळणारे गृहस्थ मीं पुष्कळ पाहिले आहेत. त्या फलांविषयीं मला बोलावयाचें नाहीं. स्वप्नांत काय दिसलें यापेक्षां स्वप्न पडत असतां शरीर काय करीत होतें, हें पाहणें कित्येकदां अधिक उपयोगाचें ठरतें.

आपल्या पूर्वजांनीं या विषयाकडे दुर्लक्ष केलें नव्हतें. चरकसंहितेंत निद्रा ही शरीराच्या तीन आधारांपैकीं एक मानली असून स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक शरीरदोषांमुळें पडणाऱ्या स्वप्नांचा आहे. परंतु झोंपलेल्या माणसाजवळ रात्रभर बसून टिपणें ठेवण्याचें काम पुष्कळ उशिरां झालें.

शिकागो विद्यापीठांत प्राध्यापक क्लाइटमन यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या असेरिन्स्की यांनीं आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोंवतीं तारा चिकटवून यंत्र चालू केलें. मूल झोंपलेलें, आणि यंत्राची लेखणी मात्र जागेपणाप्रमाणें धांवत होती! मिटलेल्या पापण्यांखालीं बुबुळें भराभर फिरत होतीं. १९५३ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. अशा वेळीं उठविलेलीं माणसें बहुधा स्वप्न सांगतात. ही अवस्था सुमारें ९० मिनिटांच्या अंतरानें रात्रींतून चार-पांच वेळां येते.

पुढें फ्रान्समधील जुव्हे यांनीं मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, या अवस्थेंत मेंदू जागा असला तरी स्नायू शिथिल असतात. हातापायांना जणूं कुलूप पडतें. मेंदूच्या देठांतील त्या भागाला इजा केली तेव्हां मांजर झोंपेंतच भक्ष्यावर झडप घालूं लागलें.

माणसांतही हें कुलूप निखळतें. १९८६ सालीं अमेरिकेंतील शेंक व माहोवाल्ड यांनीं असे रुग्ण वर्णिले. स्वप्नांत कोणी अंगावर आला तर ते खरोखरच ठोसा मारीत, पलंगावरून उडी घेत. अशा १,२८० रुग्णांची पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाप्रमाणें बारा वर्षांत शेंकडा सुमारें ७३ जणांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा रोग, किंवा त्याच कुळींतला एखादा मेंदूचा विकार जडतो. हाताला कंप सुटण्यापूर्वीं कित्येक वर्षें झोंपेनें वर्दी दिलेली असते!

आपल्याकडे अशा माणसाला बाहेरची बाधा समजून गंडा बांधतात, नाहीं तर ‘म्हातारा बरळतो’ म्हणून घरचीं मंडळी हंसतात. मला हंसणेंच अधिक वाईट वाटतें. गंडा बांधणाऱ्यानें कांहीं तरी बिघडलें आहे एवढें तरी ओळखलेलें असतें.

झोंपेंत बोलणारा प्रत्येक जण रोगी नव्हे. औदासीन्यावरील कांहीं औषधांनींही असें होतें. परंतु उतारवयांत हें नव्यानें सुरू झालें तर निजणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, शेजारीं निजणारीला असतो. तिनें काय पाहिलें, किती वाजतां, उठविल्यावर त्यानें कोणतें स्वप्न सांगितलें, हें चार ओळींत लिहून मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे न्यावें. रात्रभर यंत्र लावून निदान करतां येतें. मूळ रोग थोपविणारें औषध अद्याप नाहीं, पण हे झटके कमी करणारीं औषधें आहेत. तोंवर अंथरूण जमिनीवर घालावें, उशाजवळचा तांब्या, काठी व काचेचें सामान दूर ठेवावें, आणि पत्नीनें आपलें अंथरूण थोडें अंतरावर घालावें.