खुडूक कोंबडी आणि २१ दिवसांची उबवण

देशी कोंबडी काही दिवस सलग अंडी घातल्यानंतर अंडी देणे थांबवते, पिसे फुगवून खुराड्यात बसून राहते आणि जवळ जाणाऱ्यावर चोच उगारते. या अवस्थेला ‘खुडूक’ म्हणतात आणि तिच्यामागे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची, म्हणजे शरीरातच तयार होऊन रक्तातून फिरणाऱ्या रासायनिक संदेशवाहकाची, वाढलेली पातळी असते. जास्त अंड्यांसाठी निवडून पैदास केलेल्या जातींत ही प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे, त्यामुळे परसातल्या गावरान कोंबडीचे मोल इथे खरे कळते.

वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी जवळपास एकाच वेळी फुटतात, हे उबवणीच्या प्रक्रियेतील सर्वांत विलक्षण अंग होय: गर्भाची वाढ थंडाव्यात थांबलेली असते आणि कोंबडीच्या अंगाची ऊब मिळाल्यावरच ती पुन्हा सुरू होते. म्हणूनच आठवडाभराच्या आतील, न धुतलेली दहा-बारा अंडी गवत अंथरलेल्या पाटीत तिच्याखाली संध्याकाळनंतर ठेवणे इष्ट असते. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरली असता सफल अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते, तर निष्फळ अंडे स्वच्छच राहते. अंडी फिरवण्याचे काम कोंबडी स्वतः करते. पाळणाऱ्याने दाणापाणी जवळ ठेवावे, एवढेच. २१ दिवसांनी अंड्यांतून बाहेर आलेल्या पिल्लांच्या पोटात शोषला गेलेला बलक त्यांना पहिले दोन दिवस पुरतो, मात्र घार आणि मुंगूस यांच्यापासून रक्षणासाठी त्यांना डालग्याखाली ठेवावे लागते.