गोणपाट आणि पंगत

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या सातारा शहरात, राजवाड्याच्या जुन्या वास्तूत जी शाळा भरते, जिला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात आणि एके काळी जी सरकारी हायस्कूल म्हणून ओळखली जाई, तिच्या दप्तरात दाखल्यांचे एक जुने रजिस्टर जपून ठेवलेले आहे. त्यात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेस इंग्रजी पहिलीत दाखल झालेल्या एका मुलाचे नाव १९१४ या अनुक्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे लिहिलेले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ही तारीख विद्यार्थी दिवस म्हणून पाळावयास आरंभ केला, आणि ते सर्वथा उचित झाले. परंतु त्या नोंदीपुढे नतमस्तक होताना एक गोष्ट विसरता कामा नये, ती ही की रजिस्टरात नाव चढणे निराळे आणि वर्गात जागा मिळणे निराळे. या दोहोंमधील अंतर तुटावयास पुढे किती काळ लागला, ते कोणी तोडले आणि कशाच्या बळावर तोडले, याचा मागोवा घेऊ गेल्यास त्याच सातारा शहरातील दुसऱ्या एका शाळेपाशी येऊन थांबावे लागते. आणि या दोन शाळांची कथा एकत्र वाचली म्हणजेच शाळा समाजाची होते म्हणजे नेमके काय होते, हे ध्यानात येते.

१८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, छत्रपतींच्या राजधानीत कंपनी सरकारचा अंमल सुरू झाला, आणि विद्येची विशेष आवड असलेल्या प्रतापसिंह महाराजांच्या त्या नगरीत इंग्रजी विद्येची सरकारी शाळाही यथाकाल आली. सरकारी शाळा ही तत्त्वतः सर्व प्रजेची होती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि त्याचा अर्ज थेट मुंबई सरकारपर्यंत पोचला, तेव्हा त्या प्रकरणाचा खल होऊन अखेर १८५८ मध्ये असे जाहीर करण्यात आले की, केवळ सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या मुलांना खुल्या राहतील. कागदावरचे दार तेव्हाच उघडले होते. इकडे शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर रयतेकडून वसूल होऊ लागला आणि त्यातील तृतीयांश शाळांकडे जाऊ लागला. पण ज्यांच्या घामातून तो आणा निघे त्यांच्या मुलांचा शाळेत ठिकाणा नसे. ज्यांचे मूळ घराणे याच जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा गाभा हाच होता की सरकारचा महसूल प्रामुख्याने रयतेच्या श्रमातून येतो, आणि त्यातून उभी राहिलेली विद्या मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडते. त्या निवेदनाने सरकारचे धोरण तत्काळ पालटले नाही; परंतु प्रश्न एकदा असा स्वच्छ मांडला गेल्यावर तो पुन्हा झाकून ठेवणे कोणालाही शक्य राहिले नाही.

भिवाच्या वाट्याला आलेली शाळा ही अशी, कायद्याने उघडलेली आणि रूढीने मिटलेली शाळा होती. साताऱ्यातील आपल्या शालेय दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, की वर्गात इतर मुलांच्या मध्ये त्यांना बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळे बसावे लागे; बसावयास गोणपाटाचा एक तुकडा होता, त्याला शाळा झाडणारा नोकरही हात लावत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणावयाचा. तहान लागली तर इतर मुले नळापाशी जाऊन पाणी पीत. या मुलाला मात्र शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे, आणि शिपाई जागेवर नसला तर तहान मारून बसावे लागे. पुढल्याच वर्षी, उन्हाळ्याच्या सुटीत, दुष्काळी कामावर खजिनदार असलेल्या वडिलांना भेटावयास भिवा आणि घरातली इतर मुले आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. त्यांची जात कळताच कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, गाडीवानाला बाजूने चालावयास लावून, मुलांनी स्वतःच बैल हाकले. शिदोरी जवळ होती, पण वाटेत पाणी द्यावयास कोणी तयार नव्हते, आणि ती पोरे रात्रभर उपाशी राहिली. शिदोरी असूनही उपाशी, आणि दाखला असूनही वर्गाबाहेर! त्या काळच्या शाळेचे आणि त्या काळच्या समाजाचे नाते याहून अधिक स्पष्ट करून सांगता येणार नाही.

तथापि त्याच शाळेत एक शिक्षक असा होता, ज्याचे आंबेडकर हे आडनाव या मुलाला लागले असे सांगितले जाते, आणि ज्याने मधल्या सुटीत आपल्या भाकरीभाजीतला वाटा त्याच्या हातावर घातला. त्या भाकरीची गोडी बाबासाहेब पुढे आयुष्यभर विसरले नाहीत. भाकर वरून हातावर पडत होती, दोन हातांचा स्पर्श होत नव्हता, हे खरे. पण शाळेच्या चार भिंतींत एका विद्यार्थ्याच्या भुकेची कोणाला तरी जाणीव झाली, हेही तितकेच खरे आहे. एका माणसाच्या मनातील ही करुणा संस्थेची रीत केव्हा आणि कशी होईल, हाच पुढील पन्नास वर्षांचा प्रश्न होता.

कारण अडचण केवळ स्पर्शास्पर्शाची नव्हती. त्या काळी हायस्कूल जिल्ह्याच्या ठिकाणी, फार तर एखाद्या मोठ्या पेठेच्या गावी असे. माणच्या कोरड्या माळावरच्या धनगराच्या मुलाने, पाटणच्या पावसाळी खोऱ्यातल्या कुणब्याच्या मुलाने, कोरेगावाकडच्या बलुतेदाराच्या मुलाने चौथी पास केली, की त्याची विद्या तिथेच संपे. पुढे शिकावयाचे तर शहरात राहावयाचे कोठे, जेवावयाचे काय, आणि फी भरावयाची कशातून? ज्यांचे आप्त शहरात होते, ज्यांना वार लावून जेवता येत होते, त्यांच्यासाठी वाट होती. ज्यांना शहरात जातीचे घर नव्हते आणि असले तरी त्या घराची स्वतःचीच ददात होती, त्यांच्यासाठी हायस्कूल हे काशीइतके लांब होते. हे मर्म प्रथम ओळखले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारली, आणि शाळेपेक्षाही शाळेशेजारचा चुलाणा अधिक महत्त्वाचा असतो, हे दाखवून दिले. त्या कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकणारा कुंभोजचा एक मुलगा, भाऊराव पायगोंडा पाटील, परीक्षांत फारसा चमकला नाही. इंग्रजी सहावीच्या पलीकडे त्याची मजल गेली नाही. पण बोर्डिंग म्हणजे काय हे तो पुरते शिकून बाहेर पडला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाडजवळील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. ‘रयत’ हा शब्द त्यांनी विचारपूर्वक निवडला असला पाहिजे. ज्या रयतेकडून जमाबंदीच्या कागदावर आणा वसूल होत होता, तिचेच नाव आता शाळेच्या पाटीवर आले. १९२४ साली संस्थेचे बिऱ्हाड साताऱ्यास हलले, तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले, आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. शाहू महाराजांची वसतिगृहे बहुतांशी त्या त्या जातीची होती, त्या काळात तेच शक्य होते. भाऊरावांनी एक पाऊल पुढे टाकून सर्वांना एका चुलीवर आणले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, धनगर, रामोशी अशी मुले पाळीने स्वयंपाक करू लागली, पाळीने वाढू लागली, आणि एकाच पंगतीत मांडीला मांडी लावून जेवू लागली. साताऱ्यात कोपऱ्यातल्या गोणपाटावर बसलेल्या मुलाची आठवण अजून पुरती तीस वर्षांचीही नव्हती.

त्या पंगतीला धान्य कोठून येई, हे जवळून पाहण्यासारखे आहे. भाऊराव गावोगाव पायी हिंडत आणि शेतकऱ्यापाशी धान्य मागत. दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावयाचे, असा जो मुष्टिफंड त्यांच्या चळवळीने घरोघर रुजविला, त्यात दात्याला आपण दाता आहोत असे वाटण्याचे कारणच नव्हते. जात्यावर बसलेली बाई एक मूठ जोंधळे वेगळे ठेवी, आणि त्या मुठीमुठींतून भरलेले पोते साताऱ्याच्या बोर्डिंगात येऊन पडे. तरीही कित्येकदा कणगी रिकामी असे. भाऊराव वर्गणीसाठी गावी गेलेले, मुले संध्याकाळी जेवावयाची, आणि घरात धान्याचा दाणा नाही, अशा एका प्रसंगी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना ही सारी मुले वहिनी म्हणत, आधीच्या सर्व दागिन्यांच्या पाठोपाठ गळ्यातले मंगळसूत्रही मोडावयास दिले. जुन्या घरंदाज संस्कारांत वाढलेल्या सवाष्ण स्त्रीला ही गोष्ट काय वाटली असेल, याची कल्पना आज सहज करता येणार नाही. नवरा हयात असता गळा रिकामा करणे म्हणजे लोकांच्या नजरेला अमंगळ. पण परक्या आणि तथाकथित हलक्या जातींच्या पोरांच्या ताटात भाकर पडावी म्हणून त्या माउलीने ते अमंगळही अंगावर घेतले. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेच्या बोधचिन्हातला वटवृक्ष अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या मुळांना पहिले पाणी कोणी घातले, हे सांगावयास वेगळा शिलालेख नको.

आरंभी बोर्डिंगातील मुले शहरातल्या इतर शाळांत शिकावयास जात. १९३५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी संस्थेने सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज काढले. कारण खेड्यात शाळा काढावयाची तर खेड्यात राहावयास राजी असलेला मास्तर आधी घडविला पाहिजे, हे भाऊरावांना पुरते ठाऊक होते. आणि १९४० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल निघाले. मोफत याचा अर्थ येथे धर्मादाय असा नव्हता. मुले पहाटे शेतात राबत, विहिरी खणत, खडी फोडत, बांधकामाला दगड वाहत, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य कागदावर लिहावयास सोपे. पण ज्याचे हात खडीने फुटले आहेत त्या पोराने सकाळी बीजगणिताचे पुस्तक उघडावे, आणि त्या फुटलेल्या हातांची त्याला लाज न वाटता अभिमान वाटावा, यात शिक्षणाचा फार मोठा सिद्धान्त सामावलेला आहे. जुन्या शाळेने हाताने काम करणाऱ्याला वर्गाबाहेर ठेवले होते. या शाळेने हाताचे काम वर्गाच्या आत आणले.

पुढचा इतिहास वेगाने सरकतो. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारशी झालेल्या मतभेदामुळे संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तेव्हा ज्या रयतेसाठी शाळा होत्या त्या रयतेनेच त्या तगविल्या. त्या मुलखात आजही जागोजाग ‘महात्मा गांधी विद्यालय’ या नावाची पाटी दिसते, ती त्या संकल्पाची साक्ष आहे. १९४९ मध्ये जुन्या विस्तीर्ण सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे विभाजन झाले, पण शाळांचे जाळे दोन्हींकडे तसेच पसरत राहिले. १९५९ च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीची सवलत देण्याचे धोरण यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने अंगीकारले. देवराष्ट्रे या खेड्यात जन्मून कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकलेल्या त्या मुख्यमंत्र्याला फी म्हणजे काय असते हे कोणी समजावून सांगावयास नको होते. एका बोर्डिंगात मुष्टिफंडाने जे साधले, ते आता सरकारच्या अंदाजपत्रकात आले. भाऊरावांनी ९ मे १९५९ रोजी देह ठेवला. त्यांच्या बोर्डिंगातल्या मुलांपैकी पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि जोतीरावांचे ग्रंथ त्यांनी इंग्रजीत नेले. हंटर आयोगापासून निघालेला धागा असा एका विद्यार्थ्याच्या हातून पुन्हा जोतीरावांपाशी आला.

या साऱ्या गौरवात उणिवांचा विसर पडू देणे हा इतिहासाचा अपराध होईल. मुलींसाठी वाट फार उशिरा रुंदावली. जी बाई जात्यावर मूठ वेगळी काढीत होती, तिच्या लेकीला त्या मुठीचा वाटा मुलाच्या बरोबरीने मिळाला नाही. बोर्डिंगच्या पंगतीत मोडलेली शीव गावच्या पाणवठ्यावर अनेक वर्षे शाबूत राहिली; सुटीला घरी गेलेला मुलगा पुन्हा आपापल्या वस्तीत जाई. आणि आता, हायस्कूल हाकेच्या अंतरावर आले असता, ऐपतीप्रमाणे शाळा निवडण्याची जी नवी रीत पडत चालली आहे, तिच्यामुळे एका वर्गात सगळा गाव बसण्याचे चित्र पुन्हा विरळ होत आहे. जातीच्या भिंतीची जागा फीच्या भिंतीने घेतली, तर ज्यांनी मंगळसूत्र मोडले आणि ज्यांनी खडी फोडली, त्यांचे ऋण आपण कोणत्या तोंडाने मान्य करणार?

सरकारी हायस्कुलातल्या त्या मुलाने रोज संध्याकाळी जे गोणपाट काखेत मारून घरी नेले, त्याच गोणपाटाची पोती काही वर्षांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात आली, पण त्यांच्या पोटात मुठीमुठीने जमलेले जोंधळे होते. वस्तू तीच, एकीने माणूस वेगळा काढला, दुसरीने माणसे एकत्र बसविली. शाळेचे रजिस्टर, तिची इमारत, तिचा निकाल या गोष्टी आपण अवश्य जपाव्यात. पण एखादी शाळा आपल्या मुलखाची आहे किंवा नाही हे ठरवावयाचे असेल, तर मधल्या सुटीत तिच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहावे, आणि कोण कोणाच्या डब्यात हात घालतो, ते पाहावे.