दर दोन वर्षांनी येणारं पाकीट



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात, ऐन जेवणाच्या वेळी (वेळ जरा चुकलीच!), एक काका म्हणाले, "ते शौचाच्या नमुन्याचं पाकीट मी सरळ कचऱ्यात टाकलं. पोट रोज साफ होतं, मग कशाला?" तिघा-चौघांनी माना डोलावल्या, तेव्हा आम्हाला या विषयावर लिहावंसं वाटलं.

इंग्लंडमध्ये आतड्याच्या कर्करोगाची ही तपासणी २००६ साली सुरू झाली. जीपीकडे नोंद असलेल्या ५० ते ७४ वयाच्या सर्वांना दर दोन वर्षांनी पाकीट येतं. ते जीपी पाठवत नाही. देशभरात त्यासाठी पाच केंद्रं आहेत. २०१९ पासून एकाच छोट्या नमुन्यावर काम भागतं. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधतात. शंभरातल्या साधारण ९८ जणांना पुढे काहीच करावं लागत नाही. उरलेल्यांना नर्स भेटते आणि बहुधा कोलोनोस्कोपी होते. त्यांतही बहुतेकांना कर्करोग नसतो. कधी गाठी सापडतात, त्या तिथल्या तिथे काढता येतात.

पण अशा कार्यक्रमाचा उपयोग होतो हे ठरवायचं कसं? इथे फसगत होते. समजा, एका गृहस्थांचा रोग ६७व्या वर्षी कळला आणि ते ७०व्या वर्षी गेले. तोच रोग तपासणीत ६२व्या वर्षी कळला असता आणि तरीही ते ७०लाच गेले असते, तर कागदावर ते तीनऐवजी आठ वर्षं 'जगले' असते! म्हणून निदानानंतरची वर्षं मोजून चालत नाही, मृत्यू मोजावे लागतात.

नॉटिंगहॅममध्ये १९८१ पासून तसंच केलं. सुमारे दीड लाख लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले आणि एकालाच तपासणीचं बोलावणं पाठवलं. १९९६ साली निकाल आला : बोलावलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी होते. आणि या हिशोबात पाकीट परत न पाठवणारेही धरलेले होते, हे आम्हाला विशेष वाटतं.

प्रोस्टेटसाठी असं सरसकट बोलावणं येत नाही, त्याचं कारणही याच हिशोबात आहे. जन्मभर त्रास न देणारे पुष्कळ कर्करोग त्या रक्ततपासणीत सापडतात, आणि उपचारांचा त्रास मात्र खरा असतो.

आतड्याच्या तपासणीतही उणिवा आहेत. काही कर्करोग निसटतात. कोलोनोस्कोपीत क्वचित रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडतं. म्हणून सोबतची माहितीपत्रिका वाचून आपण आपला निर्णय घ्यावा. दक्षिण आशियाई कुटुंबांतून पाकिटं कमी परत जातात. आमच्या मते त्यात विचारपूर्वक नकारापेक्षा संकोचच जास्त असावा.

शौचावाटे रक्त जात असेल किंवा सवय अचानक बदलली असेल, तर मात्र पाकिटाची वाट न पाहता जीपीला भेटा.

आणि हो, बाटलीवर तारीख लिहायला विसरू नका. काकांनी फोन करून नवं पाकीट मागवलं आहे.