पीसीची डुलकी, सबमिशनचा घोळ!

रात्री अकराला मॉडेल ट्रेनिंगला लावायचं, मॉनिटर बंद करायचा अन् सकाळी रिझल्ट घ्यायचा. सबमिशन जवळ आलं की राजापेठच्या कुठल्याही रूमवर हाच प्लॅन. पण सकाळी माऊस हलवला, तर काम सुरुवातीलाच अडकलेलं! लाइट गेली नव्हती, कोडही चुकला नव्हता. तुमचा लिनक्स पीसी मस्त झोपला होता, एवढंच.

स्क्रीन काळी होणं आणि पीसी झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्या. स्क्रीन बंद झाली तरी काम सुरूच राहतं. ‘सस्पेंड’ झालं की मात्र प्रोसेसर थांबतो, नेट तुटतं आणि फक्त रॅमला वीज मिळत राहते. पीसी उठवल्यावर प्रोग्राम पुढे सरकतो, पण डाउनलोड बहुतेकदा तुटलेलं असतं आणि रात्र तर वाया गेलेलीच असते.

असं का होतं? कीबोर्ड-माऊस हलला नाही, की पीसीला वाटतं, कोणी नाही. आत प्रोसेसर घाम गाळतोय, याचा तो विचारच करत नाही. जीनोम या डेस्कटॉपने २०१८ मध्ये, ३.२८ आवृत्तीपासून, प्लगला लावलेल्या मशीनलाही २० मिनिटांनी झोपवायची सेटिंग सुरुवातीपासूनच चालू ठेवली. हेतू वीज वाचवायचा, वाईट नव्हे.

मग करायचं काय?

सेटिंग बदला : सेटिंग्जमध्ये ‘पॉवर’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिक सस्पेंड’ बंद करा. ‘स्क्रीन ब्लँक’ राहू द्या, त्याने काम थांबत नाही. लिनक्स मिंट असेल, तर ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये सस्पेंडसमोर ‘नेव्हर’ निवडा.

एका रात्रीपुरतं हवंय? : जीनोमसाठी ‘कॅफीन’ नावाचं एक्स्टेन्शन आहे. वरच्या पट्टीत कपाचं चित्र येतं. ते चालू केलं की पीसी जागा, बंद केलं की नेहमीसारखा. टर्मिनलवाल्यांसाठी ‘जीनोम-सेशन-इनहिबिट’ ही कमांड. तिच्यामागे तुमचा प्रोग्राम लावा. तो संपेपर्यंत झोप नाही, संपला की आपोआप मोकळीक.

लॅबमधला पीसी दुरून वापरता? : इथं खरी गोम आहे. कोणी लॉग-इन नसेल, तर लॉग-इन स्क्रीनची सेटिंग वेगळी चालते. तुमच्या खात्यात कितीही बदल करा, ती बदलत नाही. अशा मशीनवर ‘सिस्टमसीटीएल’च्या ‘मास्क’ने झोपेचा रस्ताच बंद करता येतो आणि ‘अनमास्क’ने परत उघडता येतो. पण मशीन कॉलेजची असेल, तर आधी सरांना विचारा राजेहो!

लिनक्सला जागरण काही नवीन नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या टॉप-५०० यादीतले सगळेच्या सगळे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याच यादीत ६३ वा आलेला, पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ही त्यातलाच. तिथं समोर कोणी बसलेलंच नसतं. आपला डेस्कटॉप मात्र समोर माणूस आहे असं धरून बनवलाय.

जागरणाचा खर्चही बघा. पीसी समजा १०० वॉट खात असेल, तर दहा तासांत एक युनिट. काम नसताना रोज जागा ठेवला, तर महिन्याला ३० युनिट, अन् रूमचं बिल तर सगळ्यांत वाटलं जातं! त्यात वऱ्हाडातला मे महिना. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, हवेची जागा मोकळी ठेवा.

लाइट गेली तर यातलं काहीच कामाचं नाही. म्हणून ट्रेनिंगमध्ये दर थोड्या वेळानं चेकपॉइंट सेव्ह करा. बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये लाइट आल्यावर पीसी आपोआप सुरू व्हावा, अशी सेटिंग असते. तीही शोधून ठेवा.

आणि हे सगळं सबमिशनच्या आदल्या रात्री नको. आजच सेटिंग करा, एखादं छोटं काम लावा, अर्धा तास चहाला जाऊन या. परत आल्यावर काम पुढे सरकलेलं दिसलं, तरच रात्रभराचं लावा.